पाठीची माती

"सगळ्या बरण्या भरल्या, मग ही एकच रिकामी का?" हिरडगडचे राजे गजसिंहराव गरजले.

राजांना कुस्त्यांच्या जुन्या वस्तू जमवण्याचं भारी वेड. वाड्यातलं एक अख्खं दालन त्यांनी जुन्या गदा, मुदगल, विटलेले फेटे आणि नामांकित मल्लांचे लंगोट यांनी भरून टाकलं होतं. पण त्यांचा खरा जीव होता चिनीमातीच्या बरण्यांवर. मोठा पैलवान चीतपट झाला की त्याच्या पाठीला लागलेली माती राजे झाडून आणवत आणि बरणीत भरत. वर चिठ्ठी लावत: पाठ कुणाची लागली, कुणी लावली.

रिकाम्या बरणीवर नाव होतं हैबती वस्तादांचं.

दिवाण राघोपंत चाचरत म्हणाले, "सरकार, हैबतीची पाठ उभ्या जन्मात कधी लागलीच नाही. मग माती आणायची कुठून?"

"ते मला सांगू नका! आठ दिवसांत त्याच्या पाठीची माती इथे हवी. नाही आली तर त्याच्या तालमीला कुलूप!"

हुकूम तालमीत पोहोचला. तरणे पैलवान वस्तादांभोवती गोळा झाले.

"वस्ताद, तुम्ही नुसते उताणे निजा," एकजण म्हणाला. "चिमूटभर माती झाडून पाठवून देऊ. कोण बघायला येतंय?"

"खोटी पाठ लावून घेऊ? त्यापेक्षा कुलूप परवडलं!" वस्ताद ओरडले. पण चाळीस वर्षं त्यांनी ती तालीम पोसली होती.

वस्तादांची लेक सगुणा कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभी होती. हौद्यातली लाल माती चाळायची, तिच्यात ताक, हळद, तेल मुरवायचं, हे काम तिचंच. हात झटकत ती म्हणाली, "आबा, एक सांगा. आज कुस्ती खेळाल?"

"बरोबरीची जोड असली तर आत्ता खेळेन!"

"झालं तर मग," सगुणा म्हणाली, आणि पुन्हा माती कालवायला लागली.

आठव्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन दरबारात हजर झाली. पाटीत दोन बरण्या होत्या, दोन्हींची तोंडं फडक्यानं बांधलेली.

"आणलीस माती?" राजे गादीवरून अर्धे उठलेच.

"आणते सरकार, पण आधी एक विचारू? संग्रहातली माती कसल्या कुस्तीची असते?"

"कसल्या म्हणजे? जोडीच्या!" राजांनी मिशीला पीळ दिला. "वय बरोबरीचं, वजन बरोबरीचं. कुणीही कुणालाही लोळवलं, तर ती माती मी उंबऱ्याच्या आतसुद्धा घेत नाही!"

"मग आबा कुस्तीला तयार आहेत. वय अडुसष्ट, वजन सव्वादोन मण. तेवढी जोड मिळाली की झालं."

"राज्यात शोधा!" राजांनी दिवाणांकडे पाहिलं.

"मी शोधली की, सरकार!" सगुणा म्हणाली. "गावोगाव फिरले. कुणी अडुसष्टाचा, तर काडीसारखा वाळलेला. कुणी सव्वादोन मणांचा, तर तिशीतला. दोन्ही जमेल असा माणूस राज्यात एकच निघाला."

"कोण तो? आत्ता बोलवा त्याला!"

सगुणानं डोक्यावरचा पदर सावरला. "गेल्याच महिन्यात त्यांना अडुसष्ट दिव्यांनी ओवाळलं. गुळानं तुलाही झाली. बरोबर सव्वादोन मण गूळ लागला, मी स्वतः प्रसाद खाल्लाय."

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं आणि घाईघाईनं खोकलं. राजांचा हात आपसूक पोटावर गेला.

"म्हणजे... मी?"

"सरकारच!"

"काय बोलतेस, बाई!" राघोपंत पुढे धावले. "महाराजांनी लंगोट लावून हौद्यात उतरायचं?"

"नको तर नको, पंत. माझा कुठे आग्रह आहे? पण मग जोड नाही म्हणून कुस्ती नाही, आणि कुस्ती नाही म्हणून माती नाही. सरकारांचाच नियम आहे, मी पामरानं तो कसा मोडायचा?"

राजे पेचात पडले. रागवावं तर नियम आपलाच, आणि मोडावा तर सगळ्या संग्रहाची अब्रू जायची. विषय बदलायला म्हणून त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"हैबतीसाठी एक बरणी पुरे की. दुसरी कशाला?"

"कुस्तीच ती, सरकार. पाठ कुणाची लागेल ते आधी कोण सांगणार? म्हणून दोन्ही रिकाम्या बरण्यांवर चिठ्ठ्या लिहवूनच आणल्या."

राजांनी दुसरी बरणी जवळ घेतली आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "श्रीमंत गजसिंहराव महाराज, हिरडगड. पाठ लावली: हैबती वस्ताद." त्यांनी डोळे बारीक केले. "आणि खाली ही कोरी जागा कसली?"

"किती पळांत लावली ते लिहायला, सरकार! फार मोठी जागा लागणार नाही."

राजांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा सगुणाकडे. मग मिशा थरथरल्या, पोट हललं आणि राजे असे खदाखदा हसले, की गादीवरचा लोड घरंगळून खाली गेला!

"हरलो, पोरी! हौद्यात न उतरताच चीत झालो! दिवाण, तालमीचा हुकूम फाडून टाका." डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण खरं सांग, मी उतरलो असतो तर?"

"खरं सांगू? जोड कोण आहे, ते आबांना मी अजून सांगितलेलं नाही. पण कालच हौद्यात दोन घागरी ताक जास्त ओतलंय. माती मऊ हवी ना! सरकारांची पाठ दुखायला नको."

राजे पुन्हा हसत सुटले. कसंबसं बोलता आलं तेव्हा म्हणाले, "राघोपंत, वाड्यावरच्या दोन दुभत्या म्हशी आत्ताच्या आत्ता तालमीत पोचवा! माझ्या पाठीपायी बाईचं दोन घागरी ताक गेलंय!"