समोरच्या अंगणातला मोर

एका गावात एका बाईला रात्रभर झोप लागली नाही, आणि कारण काय, तर समोरच्या अंगणातला मोर.

मोर खरा नव्हता, रांगोळीचा होता. समोरच्या घरात नवी सून आली होती, तिनं तो आदल्या सकाळी काढला होता. पिसारा उंबऱ्यापासून निघून पार रस्त्याला टेकलेला. पाणक्या कावडीसकट उभा राहिला. गुराख्यानं पिसाऱ्यावर पाय पडू नये म्हणून गुरं पलीकडून वळवली. आणि या बाईची स्वतःची चार वर्षांची लेक, दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली, "आई, तू का नाही गं असा काढत?"

झालं! बाकी सगळ्या गावानं मोराचं कौतुक केलं असतं तरी चाललं असतं.

तसं बघितलं तर बाईची रांगोळी काही वाईट नव्हती. पाच ठिपके, पाच ओळी, आणि त्यांची रोज नवी जोडणी. रेघ अशी की ओळंब्यानं आखावी. पण अंथरुणात पडल्या पडल्या तिला वाटायला लागलं, ठिपके जोडण्यात मोठंसं काय आहे? ते तर पोरंही जोडतात. समोरचीला काय, मूल ना बाळ, वेळच वेळ. मग आठवलं, समोरची रोज दोन दिरांच्या आणि सासूच्या भाकऱ्या थापते. म्हणजे वेळेचंही कारण नाही. म्हणजे आपल्यालाच येत नाही. या कुशीवरून त्या कुशीवर.

त्यात देवीचा उत्सव तोंडावर आलेला. उत्सवाला देवळाचं अख्खं अंगण रांगोळीनं भरायचं असे. तो मान कुणाचा, हे देवळातली पुजारीण आजी ठरवायची. एखाद्या सकाळी ती न सांगता गल्लीतून फिरायची आणि जिची रांगोळी मनात भरेल तिच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायची. गेल्या वर्षी आजी या बाईच्या दाराशी थबकली होती. "हात चांगला आहे गं तुझा," एवढंच म्हणाली आणि पुढं गेली होती. त्या एका वाक्यावर बाईनं वर्ष काढलं होतं.

सकाळ झाली. बाईनं अंगण झाडलं, सडा घातला, रांगोळीची वाटी घेऊन बसली. समोर ती बया गुणगुणत बसलीच होती. आज कमळं काढत होती.

बाईनं चिमूट भरली, पण बोटं उघडेनात. 'असल्या मनानं काढलेली रांगोळी असलीच येणार,' ती स्वतःशी म्हणाली. 'त्यापेक्षा नकोच. मन लागेल त्या दिवशी काढीन, आणि अशी काढीन की मोर गाव सोडून जाईल.' तिनं वाटी कोनाड्यात ठेवली आणि दार लोटून घेतलं.

आता त्या गावात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. सडा पडलाय आणि रांगोळी नाही, म्हणजे त्या घरात सुतक आहे. एरवी कुठलंही अंगण कोरं राहत नसे. बाईलाही हे ठाऊक होतं, पण हेव्याच्या भरात ते आठवणार कसं? आणि घरात तिचे म्हातारे सासरे होते. ते महिनाभर असे काही खोकत होते, की गावानं मनाची तयारी करूनच ठेवली होती.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"वहिनी! अहो वहिनी!" समोरची दारात उभी. केस सुटलेले, बोटं पांढरी, हातात पिठलं-भाताचं पातेलं. "कधी झालं हो? काल संध्याकाळी तर काका ओसरीवर बसले होते!"

तिच्या मागं गल्लीतले दोन बाप्ये, खांद्यावर बांबू घेऊन.

"काय कधी झालं?" बाई गोंधळली.

तेवढ्यात आतून सासरे आले, चहाची बशी सांभाळत. "कोण गेलं? या घरात मला मेलं कुणी काही सांगत नाही!"

बाप्यांनी बांबू पाठीमागं लपवायला बघितले. पण बांबू काही लपत नाही.

"कुणीच नाही गेलं आजोबा," लेक म्हणाली. "आईला मोराचा राग आलाय, म्हणून तिनं रांगोळी नाही काढली."

बाईला वाटलं, आता आपणच जावं म्हणजे बांबू तरी वाया जाणार नाहीत.

समोरचीनं पातेलं खाली ठेवलं आणि ती मटकन पायरीवर बसली. "मोराचा राग? वहिनी, अहो तो मोर नव्हताच. माहेरून न्यायला कुणी आलं नाही म्हणून परवापासून रडू येत होतं मला. रडत रडतच ठिपके टाकले. डोळ्यांत पाणी, रेघ सरळ येईना. वाकडीची आणखी वाकडी झाली, तेव्हा म्हटलं, चला, मोर करू. मोरात वाकडं कुणाला कळतंय? तुमच्यासारखी सरळ रेघ आली असती, तर कशाला एवढा पसारा घातला असता?"

"पण मन नसताना बसलीस कशी तू?"

"ठिपके टाकायला मन कशाला लागतंय? हात लागतो. चार ठिपके पडले की पुढचं पुढं."

बाई काही बोलणार, तोच तिची नजर समोर गेली. अर्ध्या राहिलेल्या कमळांपलीकडे, समोरचीच्या उंबऱ्यावर, नारळ होता.

"आजी येऊन गेल्या?"

समोरचीनं मान खाली घातली. "आधी तुमच्याच दाराकडं वळल्या होत्या. अंगण कोरं दिसलं, लांबूनच हात जोडले आणि माघारी फिरल्या. मी म्हटलं, थांबा, बघून तरी येते. पण तोवर त्यांनी नारळ टेकवला."

देवीचा नारळ एकदा टेकला की उचलायचा नसतो. बाईला रडू आलं. पण रडायला तरी किती वेळ मिळतो? सासऱ्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं होतं. आपल्या सुतकाचं पिठलं त्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि लेकीनं तर पातेलं बोटानं निपटून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बाई उठली. हेवा गेला होता का? छे! आता तर त्यात नारळाचीही भर पडली होती. सडा घालताना ती मुसमुसतच होती. तशीच वाटी घेऊन बसली. एक ठिपका टाकला. मग दुसरा. शेवटची ओळ जरा तिरकी गेली, ती तिनं पुसली नाही.

उत्सवाच्या दिवशीही तिनं आधी आपलं अंगण भरलं, मग देवळात गेली. समोरचीची रांगोळी बघून हेवा पुन्हा जागा झाला. एका वेलीत तिला लपवलेली वाकडी रेघ सापडली आणि जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला! पण परत येताना तिच्या डोक्यात मोर नव्हता. उद्याची जोडणी होती.

तात्पर्य: हेवा वाटला तर वाटू द्यावा, रडू आलं तर येऊ द्यावं, ठिपके मात्र टाकावेत. कोऱ्या अंगणात कुणी नारळ ठेवत नाही.

हे सगळं बाईनं पुढच्या सकाळी ठिपके टाकता टाकता लेकीला समजावून सांगितलं. लेकीनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आता पिठलं येणारच नाही?"