मोहाच्या फुलांचे आंबवण

एका राज्यात, जिथं रोट कापसाहून मऊ निघत, सुमेधराय नावाचा राजा होता. वाड्यातल्या भट्टीपाशी आंबवणाचा गोळा झाकून ठेवलेला असे. आजचं पीठ त्यानं फुगायचं, आणि त्यातलाच एक गोळा उद्यासाठी राखायचा. असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं.

एके दिवशी दिवे लागले आणि जटांबर नावाचा जादूगार दारी आला. आईचे दात गेलेत, मऊ रोट करून घालीन म्हणतो, चिमूटभर आंबवण द्या, म्हणाला. राजा भला, पण रीत मोडेना. दिवेलागणीनंतर विरजण, मीठ, आंबवण उंबऱ्याबाहेर जात नाही, सकाळी या, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

जटांबर म्हणाला, “भुकेल्याला सकाळ दाखवतोस? तुझ्या राज्यातलं आंबवण मरेल. या भट्टीत रोट फुगेपर्यंत तुझी लेक अंथरुणातून उठणार नाही.”

उजाडलं तो गोळा राखेसारखा पडलेला. राजकन्या हेमकळा जागी होती, पण तिला मान उचलवेना. शेजारच्या राज्यातून आंबवण मागवलं, ते शिवेवरच मेलं. राजानं आंबवणाविनाच रोट भाजला. तो खापरीसारखा निघाला.

“आबा,” हेमकळा पडल्या पडल्या म्हणाली, “हा घरावर घाला. एक कौल फुटलंय.”

राजा हसला आणि बाहेर येऊन रडला.

वाड्यासमोरच्या वडावर धनेश पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोले. तो म्हणाला, “मेलेलं उठत नाही, राजा. नवं जन्माला घाल. त्याला गोडवा लागतो, पाणी लागतं, ऊब लागते. तिन्ही मागून आण. हुकमानं आणशील तर नासेल.”

राजा एकटाच निघाला. गोडवा मोहाच्या झाडाखाली होता आणि तिथं अस्वल राखणीला होतं. राजानं फुलं मागितली. गळलेली तुझी, फांदीवरची माझी, असं अस्वलानं बजावलं. राजा वेचायला वाकला की मुकुट घरंगळे. “ते टोपलं काढून ठेव,” अस्वल म्हणालं, “नाहीतर त्यातच वेच.” राजानं मुकुट उलटा धरला, भरला, आणि झाडाला नमस्कार केला.

पाणी जुन्या बारवेत होतं. राजा पायरी उतरे तसं पाणी खाली सरके. अखेर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, “आई, लेकरासाठी घोटभर दे.” पाणी वर आलं, त्याचे पाय भिजवून थांबलं.

राजानं एका मडक्यात ते पाणी भरलं आणि फुलं भिजवली. ऊब तेवढी राहिली. चुलीवर ती शिजली असती, उन्हात आंबट झाली असती. धनेशानं रानातली एक झोपडी दाखवली. आत एक म्हातारी गोधडी पांघरून निजलेली. शाप देणाऱ्याचं नाव तेवढं सोडून राजानं सगळं सांगितलं आणि ऊब मागितली.

“ठेव माझ्या पोटाशी,” ती म्हणाली. “मला कुठं जायचंय? मडकं हलायचं नाही.”

राजा तिचे पाय चेपत बसला. आंबवणाला घाई चालत नाही. दिवस गेले, आणि एका सकाळी मडक्यात बुडबुडे गुणगुणू लागले. तेवढ्यात लाकडांसाठी लांब रानात गेलेला तिचा लेक मोळी घेऊन परतला. तो जटांबर होता.

राजा उभा राहिला. म्हातारीला काय ते उमगलं.

“माझ्या नावानं पोरीला निजवलीस?” तिनं विचारलं. “मला विचारलंस का रे?”

जटांबराची मान खाली गेली. “शाप तोंडातून सुटला, आई. आता तो माझंही ऐकत नाही.”

“मग या गोधडीची डोली कर आणि राजासंगं उचल. मडकं मी धरते.”

वाड्यात राजानं ते पाणी गाळलं, त्यात पीठ मळलं आणि वर ओलं फडकं घातलं. पीठ दुपटीनं वर आलं. रोट भट्टीत गेला, आणि मोहाचा वास घरभर झाला. झाकण काढलं तो रोट टम्म फुगलेला.

आतल्या खोलीत पैंजण वाजले. हेमकळा भिंतीला धरून, मग भिंत सोडून, भट्टीपाशी आली.

 राजा जमिनीवर बसला आणि पहिला घास म्हातारीला भरवला. ती सावकाश चघळत राहिली. जटांबर, राजा, राजकन्या, सगळे वाट पाहत होते.

“मीठ कमी पडलंय, राजा,” ती म्हणाली. मग उरलेल्या रोटाचा मऊ पोटाकडचा तुकडा मोडून तिनं त्यावर फुंकर घातली आणि हेमकळेच्या हातावर ठेवला. “खा बाई. गरम आहे.”

त्यांच्या भट्टीला आच आली, तशी तुमच्या-आमच्या चुलीला येवो.