वाढणारा हात

“…साखर सोडली, भात सोडला, तूप सोडलं. आता उरलं काय, बुवा?”

“तुम्ही,” बुवा म्हणाले. “आणि बरेचसे उरलाय.”

भालचंद्रराव उकिडवे निवृत्त मामलेदार. त्यांच्यापुढे असं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण वीस किलो उतरल्याशिवाय गुडघ्यांना हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तीन महिन्यांत उतरले होते दोन. म्हणून ते नदीकाठच्या या मठात आले होते.

“बायको जाऊन दोन वर्षं झाली. घासाशिवाय दुसरं सुख नाही मला. ते सोडायचं, तर बदल्यात काहीतरी द्या. एखादा मंत्र…”

“मंत्र बसून म्हणावा लागतो. वजन वाढेल.”

बुवांनी त्यांच्या हातात वरणाची बादली दिली.

“पंगत बसलीय, रावसाहेब. वाढा.”

उकिडव्यांनी पुष्कळ पंगती गाजवल्या होत्या. जिलब्यांच्या पैजा जिंकल्या होत्या. वाढलं मात्र कधी नव्हतं.

पहिल्या फेरीत गुडघे बोलले. दुसऱ्या फेरीत घाम आला. तिसऱ्या फेरीत राग.

पंगत उठली तशी त्यांनी बादली आदळली.

“काय माणसं हो! तासभर वाकतोय. सगळ्यांचं लक्ष पळीकडे. एकानं मान वर करून माझं तोंड पाहिलं नाही!”

“तुम्ही पाहायचात?”

“कुणाचं?”

बुवा पत्रावळी गोळा करत राहिले…

उकिडव्यांना एक हात आठवला. मनगटावर भाजल्याचा डाग, दोन हिरव्या बांगड्या. गरम पोळी पानात अलगद पडायची. अडतीस वर्षं. भाजी अळणी झाली, तर तेवढं ते बोलत.

त्या हाताच्या वर चेहरा होता. त्यांनी तो आठवून पाहिला. लग्नाच्या फोटोतला आठवला. दवाखान्यातला आठवला. वाढतानाचा आठवेना.

ती मागाहून जेवायची. तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असे, कोण जाणे. ते तोवर वामकुक्षीला गेलेले असत.

इतक्यात पहाटेपासून चुलीशी असलेली म्हातारी अंबूताई पदराला हात पुसत आली आणि रिकाम्या जागेवर पान घेऊन बसली.

उकिडवे वाकले. बादलीच्या तळाचं वरण त्यांनी तिला वाढलं.

तिनं मान वर केली. चांगलं निरखून पाहिलं.

“तुम्ही जेवलात का, दादा?”

एवढाच प्रश्न. अडतीस वर्षांत त्यांनी घरात तो एकदाही विचारला नव्हता.

“नाही…” ते म्हणाले. बादली हळूच खाली ठेवली. “भूकच गेली, बुवा.”

बुवांनी अंबूताईसमोर दुसरं पान मांडलं.

“मग आता जेवायला हरकत नाही.”