आजीची झाकलेली टोपली

फार जुन्या काळातली गोष्ट. लहानांसाठी म्हणून सांगतो, पण मोठ्यांनी ऐकली तर त्यांचंही काही बिघडणार नाही.

डोंगराच्या कुशीत चाळीस घरांचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक आजी होती. नव्वदी कधीच ओलांडलेली, तोंडात दात एकही नाही, पण पायात दम होता. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. गावचे पाटीलसुद्धा. ते सगळ्यांवर डोळे वटारायचे आणि आजी समोर आली की मुकाट्याने खाली बघायचे.

रोज उन्हं अंगणात आली की आजी डोक्यावर टोपली घेऊन निघायची. टोपलीवर फडकं असायचं. ती घरोघर टेकायची, कुणाचं काय दुखतंय-खुपतंय विचारायची आणि उठताना काहीतरी ठेवून जायची. कुठे पसाभर नाचणी, कुठे गुळाचा खडा, कुठे बाळाला गुंडाळायला मऊ जुनेर. कुठे उलट हक्काने मागून घ्यायची. "आज थोडे तांदूळ दे गं," म्हणायची. बायाही काढून द्यायच्या. घरात विधवा सून आणि लहान नात, म्हातारीला लागत असेल, असं त्यांना वाटायचं.

आता, या गावाची एक रीत होती. दुसऱ्याच्या झाकलेल्या टोपलीत डोकावायचं नाही, आणि आपण काय दिलं, काय घेतलं, ते कुणाला सांगायचं नाही. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, म्हणून जुन्या माणसांनी ती घालून दिली होती. रीत चांगलीच होती. पण तिच्यापायी सगळ्या गावाचा एक गैरसमज होऊन बसला. आजीच्या घरी धान्याची भलीमोठी कणगी आहे आणि ती कधी सरत नाही, असं चाळीसच्या चाळीस घरं धरून चालली होती.

एके दिवशी आजी गेली. दुपारी जेवली, नातीची वेणी घातली, भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागीच गेली. गाव अगदी मनापासून रडलं.

तेराव्याचं जेवण झाल्यावर सगळे पारावर जमले. पाटील म्हणाले, "आजीच्या नावाने दगडी चौथरा बांधू. आणि तिची कणगी गावाच्या ताब्यात घेऊ. म्हणजे नडलेल्याला पूर्वीसारखंच मिळत राहील."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घोळका आजीच्या घरी गेला. कोपऱ्यात कणगी होती. गुडघ्याएवढी. तळाला चार पसे नाचणी. लोकांनी माळा पाहिला, चुलीमागे पाहिलं, गोठा पाहिला. कुठेही काही नव्हतं.

मग सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. ती परगावची, नवरा वारलेला, पाठीशी कुणी नाही. संशय घ्यायला एवढं पुरतं.

"धान्य कुठे लपवलंस?" पाटलांनी विचारलं.

"होतं तेवढं तुमच्यासमोर आहे, पाटीलबाबा."

"मग इतकी वर्षं गावाला मिळत होतं ते काय आभाळातून पडत होतं? उद्या दिवस मावळायच्या आत धान्य दाखव. नाहीतर लेकीला घे आणि गाव सोड."

पाटलांचा मला राग येतो. तुम्हालाही आला असेल. पण त्या घोळक्यात चाळीस घरांची माणसं होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव पारावर जमलं होतं, तिथे सून आपण होऊन आली. लेकीचा हात तिच्या हातात होता.

"मिळालं धान्य?" पाटील म्हणाले.

"नाही. मी एक गोष्ट सांगायला आले. त्या टोपलीत मी कधी डोकावले नाही. पण रोज सकाळी ती सासूबाईंच्या डोक्यावर मी ठेवायचे आणि घरी आल्यावर मीच उतरवायचे. जाताना ती रिकामी असायची आणि येताना कधी काही आलंच तर आम्हा तिघींच्या जेवणापुरतं. वजन काय, हाताला कळतं."

"मग आम्हाला दिलेलं यायचं कुठून?"

"ते तुम्हीच सांगा. आजच्या दिवस रीत मोडा. आजीकडून काय घेतलं आणि आजीला काय दिलं, एकेकाने बोला. त्यानंतर मला काढायचं तर काढा."

दिलेलं सांगायला कुणालाही आवडतं, घेतलेलं सांगताना जीभ अडते. शेवटी कोष्टीण उठली.

"लेकीच्या बाळंतपणात आजीने मला गूळ दिला होता. मी दिलं म्हणाल तर एक जुनं लुगडं."

"गूळ?" एक शेतकरी म्हणाला. "तेव्हाच माझ्याकडनं ढेप नेली होती तिनं. मला वाटलं, दात नाहीत, चघळत बसत असेल."

"हिरव्या काठाचं होतं का गं लुगडं?" कुंभारणीने हळूच विचारलं. "माझं बाळ त्यातच वाढलं."

मग माणसं एकापाठोपाठ एक बोलू लागली. याची नाचणी त्याच्या पोटात गेली होती, त्याचं तेल हिच्या दिव्यात जळलं होतं. आजीचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. कुणाकडे जास्त आहे आणि कुणाला कमी पडतंय, एवढंच तिला ठाऊक असायचं, आणि मधलं चालणं तिचं असायचं.

शेवटी पाटील उरले. ते खाली बघत म्हणाले, "माझी आई शेवटचे सहा महिने ताकावर जगली. आमची म्हैस तेव्हा आटली होती. ताक आजी आणायची."

पाराच्या कडेला गवळी उभा होता. सात वर्षांपूर्वी पाटलांनी त्याच्या गुरांना गायरान बंद केलं होतं, तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

"ते ताक माझ्या घरचं," गवळी म्हणाला. "म्हातारीला ताक लई आवडतं असं वाटायचं मला. तुमच्याकडं जातंय असं कळलं असतं, तर एक थेंब दिला नसता. खोटं कशाला बोलू? पर माझ्या पोरांना आजी तांदूळ आणून द्यायची. ते कुणाचे, सांगा की कुणीतरी."

"आमचे," पाटलीणबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला न्यायची."

सात वर्षं ते दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि त्याच सात वर्षांत त्यांनी एकमेकांच्या घरचं खाल्लं होतं.

पाटील पारावरून खाली उतरले. सुनेपुढे त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. "चुकलो, पोरी. तू या गावची आहेस. तुला जा म्हणणारा मी कोण?" मग गवळ्याकडे वळून म्हणाले, "उद्या गुरं गायरानात घाल."

कुणीतरी विचारलं, "चौथऱ्याचे दगड कधी आणायचे?"

"दगड राहू देत," पाटील म्हणाले. "आज गावात कुणाला काही कमी आहे का, ते आधी सांगा."

कुणालाच माहीत नव्हतं. आजी गेल्यापासून सगळे तिचे गुण गात बसले होते आणि कुणाच्या दाराशी कुणी गेलंच नव्हतं.

"वेशीजवळच्या आंधळ्या तेलीबाबांच्या घरातून कालपासून धूर निघाला नाही," सून म्हणाली. "मी तिकडेच निघाले होते. वाटेत हे सांगायला पारावर थांबले."

सगळं गाव उठून वेशीकडे गेलं. तेलीबाबा तापाने फणफणले होते. गवळ्याने दूध आणलं, पाटलीणबाईंनी मऊ भात करून आणला आणि पाटलांनी तो स्वतःच्या हाताने त्यांना भरवला. म्हातारा वाचला. त्या दिवसापासून गावातल्या एकेका घरातलं माणूस पाळीपाळीने आजीसारखं घरोघर फिरू लागलं, आणि पहिली पाळी पाटलांनी मागून घेतली. चौथरा काही बांधला गेला नाही, पण त्या गावात पुन्हा कुणी उपाशी निजलं नाही.

तात्पर्य: मायेचं माणूस गेलं की त्याचं काम आपण उचलावं, तीच त्याची आठवण.