बाभळीवरचं घरट्यांचं दुकान

चार पक्षी काय म्हणतील या धाकानेच अख्खं रान चालत असे, त्या काळची ही गोष्ट. भिवा नावाच्या सुगरण पक्ष्याने विहिरीकाठच्या बाभळीवर विणलेली घरटी विकायला मांडली. धड घर बांधता न येणाऱ्या चिमण्यांची रांग लागली.

सुगरणींच्या पंचांना हे बघवेना. थोरले आबा कडाडले, "घरटं विणायचं ते संसारासाठी! बाजार मांडणाऱ्याला मुलगी कोण देईल?"

"आबा, चोरी तर करत नाही ना मी?"

"चोरी परवडली. ती निदान लपून तरी करतात!"

पंचांनी दुकान मोडलं आणि भिवाला वाळीत टाकलं. महिन्याभरात परक्या रानातल्या साळुंकीने त्याच फांदीवर तेच दुकान थाटलं आणि विणायला भिवालाच ठेवलं. घरटी तीच, गिऱ्हाइकं तीच. नफा तेवढा साळुंकीचा.

मग आबा स्वतः पुतणीचं स्थळ घेऊन भिवाच्या दारी आले. कर्तबगारीची पारख त्यांना पहिल्यापासूनच होती.

"शाब्बास, जावईबापू! नोकरी लागली म्हणे." मग जरा जवळ सरकून त्यांनी काळजीने विचारलं, "कायम आहे ना?"