केरबा तोल शिकवतो

आमच्या गावात एक भोळा घरजावई होता, केरबा नावाचा. सांगितलं तेवढंच करायचा, पण अगदी मनापासून.

त्याच्या सासऱ्यांच्या, हिंदुरावअप्पांच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. जत्रा आली तीन महिन्यांवर. पालखीपुढं पहिला नारळ फोडायचा मान अप्पांचा, पण तो आपल्या पायांवर उभं राहूनच फोडायचा. नाही जमलं, तर मान चुलतभाऊ निवृत्तीकडं. निवृत्ती रोज मोसंबी घेऊन यायचा. "अजून उठवत नाही ना? करा, आराम करा." कबुतराचं रक्त चोळा म्हणणारे गावात सतरा जण, त्यात आम्हीही आलोच. धरून उठवणारा एकटा केरबा.

तालुक्याहून व्यायामाच्या बाई यायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "केरबा, यांना डाव्या बाजूनं धरायचं. सोडायचं नाही."

केरबानं धरलं. जेवताना धरलं, दाढी करताना धरलं. मी शेजारीण, भाकरी द्यायला गेले, तर संडासातून अप्पांचा आवाज, "सोड की मला, मर्दा!"

आतूनच केरबा, "बाई सोडू नको म्हणाल्यात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, बसलेल्या माणसाला सोडायचं! बसले की हात काढून घ्यायचा."

"असं व्हय!"

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी अप्पांना मोटारसायकलवरून दवाखान्यात न्यायला काढलं. मधे अप्पा, मागं केरबा. अप्पा बसले. केरबानं हात काढला. पहिल्याच खड्ड्याला अप्पा रस्त्याकडेच्या उसाच्या पाचटात. नशीब, पाचट मऊ.

"बसलं हुतं की!" केरबा म्हणाला.

"हलत्या गाडीवर धरायचं रे," झालेलं ऐकून बाई म्हणाल्या. "जे हलतंय ते घट्ट धरायचं."

"असं व्हय!"

चार आठवडे गेले. एका सकाळी अप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. आजारपणात पहिल्यांदा! केरबाच्या सासूबाई साखर आणायला धावल्या. केरबानं झडप घालून अंगठा मुठीत धरला. बाई येईपर्यंत दोन दिवस सोडला नाही. जेवण त्याला बायकोनं भरवलं.

बाई रागावल्या नाहीत, दमल्या. "सोड तो. हलू दे त्याला."

पुढं अप्पा उभे राहायला लागले, पण झुलायचे. बाईंनी गादी अंथरायला लावली. "उभं राहून झुलत असले की मागून हलकेच धक्का द्यायचा. पाय आपोआप पुढं पडतो, तोल सावरायला शिकतात."

अप्पा आधी पडायचे, मग सावरायला लागले. केरबा खूश. एक धडा तरी बरोबर बसला.

जत्रेला अप्पा तळ्यापर्यंत चालत आले. काठी नाही, कुणाचा हात नाही. निवृत्तीचं तोंड बघण्यासारखं झालं. हलगी कडाडली. अप्पांनी नारळ उचलला. समोर तळ्याच्या पायरीवर देवीची पालखी आली, पाण्याकडं तोंड करून, भोयांच्या खांद्यावर डोलत, झुलत.

केरबानं नीट बघितलं. मागून गेला. हलकेच धक्का दिला.

भोई, पुजारी, पालखी, देवी, सगळे कंबरभर पाण्यात.

काठावर अप्पा दोन्ही पायांवर ताठ उभे. हात वर, हातात नारळ. फोडायचा कुणापुढं?

केरबा त्यांच्या कानाशी गेला. "घाबरू नका, मामा. पैल्या दिशी तुमी तरी कुठं सावरला हुता?"