लाखेचा चुडा

पूर्वी कुंदनगरात सुषेण राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्मला आणि सुनंद नावाने नावारूपाला आला. मृणाला ही त्याची एकुलती एक मुलगी. तिचे लग्न चार दिवसांवर आले होते, आणि लाखेच्या चुड्यावाचून नवरी बोहल्यावर चढत नाही, अशी तिथली रीत.

कुरंड नावाच्या बांगडीवाल्याने तांबडाभडक चुडा आणून दिला. सुनंद तो निरखून पाहू लागला. आतल्या बाजूला, लाख मऊ असताना उमटलेले बोटांचे ठसे होते. त्याची करंगळीसुद्धा त्यांत मावेना.

"हा कुणी वळला?" त्याने विचारले.

"माझ्या भट्टीवर डोंगरातली पोरं आहेत, सहा-सात वर्षांची, धरून आणलेली. ऊन लाख वळायला इवली बोटं बरी पडतात. तुम्हाला काय करायचंय, श्रेष्ठी? तुम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल."

घेणाऱ्याचे हात नेहमीच स्वच्छ, असे जग मानते. मानो बापडे. सुनंदाला मात्र वाटले, ही बोटे पोळतात ती माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच. पण लग्न त्याचे नव्हते. त्याने मुलीला बोलावून सारे सांगितले आणि म्हणाला, "बाळ, हात तुझे आहेत. तूच ठरव."

मृणालाने चुडा हातात घेऊन ते ठसे पाहिले. नवरा तिच्या मनात भरला होता. "तात, तो परत करा," ती शेवटी म्हणाली आणि तिला रडू कोसळले.

लग्नाच्या दिवशी वरमायेने नवरीची मनगटे पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. सुनंदाने हात जोडून कारण सांगितले. ती म्हणाली, "दुनियेची पोरं तुम्हीच सांभाळा. भुंड्या हातांची सून आम्ही नेणार नाही." वऱ्हाड आल्या पावली परत गेले.

गावाला चघळायला विषय मिळाला. बायका टोमणे मारायला येत, कारण ऐकत आणि मुकाट्याने घरी जात. पुढल्या लगीनसराईत कितीतरी नवऱ्या मनगटाला हळदीचा दोरा बांधून उभ्या राहिल्या. कुरंडचे चुडे पडून राहिले, भट्टी विझली, आणि कुरंडने सोडून दिलेली पोरे डोंगरात आपल्या आयांकडे गेली. मृणालाचे लग्न मात्र पुन्हा जुळले नाही.

समोर बसलेल्या भिक्षू-उपासकांना ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "तेव्हाचा कुरंड म्हणजे आजचा भिक्षू उदुंबर. मृणाला म्हणजे भिक्षुणी धवला. सुनंद मीच होतो. आणि ती वरमाय, उपासिके विशोका, तू होतीस."

विशोका उठली आणि तिने धवलेच्या पायांवर डोके ठेवले. धवलेने तिला उठवून आपल्याजवळ बसवून घेतले.

ज्याला आपण कधी पाहिलेलेही नाही, त्याच्यासाठी आपल्या सुखावर पाणी सोडणे, ही करुणा.